‘कपाटं नंतर बघू’ म्हणू नका!

नव्या घराचा नकाशा पहिल्यांदा घरी येतो, तो दिवस सणासारखाच असतो. कागदाची ती मोठी गुंडाळी टेबलावर उलगडायची, पुन्हा मिटू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या, आणि मग घरातली लहानथोर मंडळी तिच्यावर ओणवी! हा हॉल, ही आमची खोली, इथं देवघर, इथं मुलांचा अभ्यास. ईशान्य कोणती आणि आग्नेय कोणती यावर तासभर वाद. मोटारसायकल कुठं लावायची यावर आणखी अर्धा तास. शेवटी चहाचे कप गोळा करता करता घरातली सून नाहीतर सासू हळूच विचारते, “आणि कपाटं कुठं दाखवलीत यात?”

“ती काय, नंतर बघू!” हे उत्तर ठरलेले. सुतार मिस्त्री तर हसतच म्हणतो, “वहिनी, कपाट काय, कुठंबी बसतंय की!”

कुठंबी बसत नाही हो! बारा वर्षांपूर्वी आम्ही कोल्हापुरात घर बांधले तेव्हा मीही ‘नंतर बघू’वर मान डोलावली होती. वास्तुशांत थाटात झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या घरातले सामान टेम्पोने आले. दोन लोखंडी कपाटे, तीन ट्रंका, सासूबाईंच्या वाकळांचे गाठोडे, तांब्याचा बंब, पिंपे, डबे, पुस्तकांची खोकी, गौरीचे मखर. घर नवे कोरे, रंगाचा वास अजून गेलेला नाही, आणि पाय ठेवायला जागा नाही! सासूबाई वर्षाच्या चटणीची बरणी दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, “ही ठेवू कुठं?”

त्या रात्री ती बरणी सोफ्यामागे झोपली. एक लोखंडी कपाट खिडकीची अर्धी बाजू झाकून उभे राहिले, ते आजही तिथेच आहे. दुसऱ्याच्या मागे विजेची बटणे गेली. पुढची कितीतरी वर्षे आमच्याकडे फटीत हात घालून पंखा लावायचा प्रघात होता.

म्हणून हा लेख. ज्या मैत्रिणींचा नकाशा अजून कागदावर आहे, त्यांनी तो पुरा वाचावा. ज्यांचे घर झाले आहे त्यांनीही वाचावा, कारण दुरुस्तीचा योग कधीतरी येतोच.

जुन्या घरांना कपाटे नव्हती का?

जुन्या वाड्यांत आणि कौलारू घरांत आजच्यासारखी कपाटे नव्हती. पण ठेवण मात्र आजच्यापेक्षा जास्त होती. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड. त्या जाडीतच दिव्यासाठी दिवळी, तांब्या-भांड्यासाठी कोनाडा, आणि दारे लावलेले फडताळ. धान्याला बळद नाहीतर कणगी, दुधा-लोण्याला आढ्याला टांगलेले शिंके, रोजच्या कपड्यांना दांडी आणि खुंटी. डाळी-कडधान्यांची गाडगी एकावर एक रचून उतरंड केली की एका माणसाच्या जागेत दहा जिन्नस मावत. वर पोटमाळा होताच. म्हणजे ठेवायची जागा घर बांधतानाच घरात बांधली जात होती.

आज बाहेरची भिंत नऊ इंच आणि आतली बहुधा साडेचार इंच. तिच्यात कोनाडा काढायचा म्हटला तर पलीकडच्या खोलीत निघेल! भिंतीने सोडलेली ती जागा आता जमिनीतून, म्हणजे खोलीच्या चौरस फुटांतून घ्यावी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला सबंध दोन फूट खोल कपाट केले, तर खोली दहा बाय आठची होते. पलंग, दार आणि माणूस यांना उरलेल्या आठ फुटांत भागवावे लागते. हे गणित बांधकामानंतर कळले तर रडू येते. नकाशावर कळले तर पेन्सिलीची एक रेघ खोडली की भागते.

खर्चाची भीती वाटत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळी कपाटे पहिल्याच दिवशी पूर्ण करायची गरज नाही. जागा सोडून ठेवा, गवंडी काम करतोय तोवर कडप्प्याचे फळे बसवून घ्या. दारे पुढच्या दिवाळीला, नाहीतर त्याच्या पुढच्या. तोवर साधा पडदा लावता येतो. कपाटाचे दार नंतर लावता येते, भिंत मात्र नंतर सरकत नाही.

आधी वही, मग नकाशा

इंजिनियरशी बोलण्याआधी एक दुपार काढा. शंभर पानी वही, पेन आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन स्वतःच्याच घरात फिरा. जे जे दिसेल ते लिहा. पण नुसते ‘भांडी’, ‘कपडे’ असे लिहू नका. चार रकाने आखा: वस्तू कोणती, केवढी, कितीदा लागते, आणि कोण काढते.

या शेवटच्या रकान्याला मी फार महत्त्व देते. देवाची उपकरणी सासूबाई काढत असतील, तर ती त्यांच्या हाताच्या उंचीवर हवीत. शाळेचा डबा आणि पाण्याची बाटली मुलाने स्वतः घ्यावी असे वाटत असेल, तर त्याचा फळा खाली हवा. नाहीतर आयुष्यभर “आई, माझं हे कुठंय?” या हाकेला तुम्हीच ओ द्याल.

अशी मोजदाद करून घर आखण्याची कल्पना काही नवी नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली जात होती. त्यांच्या स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण स्त्री-वास्तुविशारदाकडे आला. बाईला ओट्यापासून मोरीपर्यंत किती पावले पडतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजून तिने जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब जागेत सगळे बसवले. तांदूळ, साखर, डाळी यांना नावे घातलेले ॲल्युमिनियमचे ओढायचे डबे. पिठाला मात्र ओक लाकडाचा खण, कारण त्या लाकडाला कीड सहसा लागत नाही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे झाली. आजच्या ‘मॉड्युलर किचन’ची आजी ती हीच!

आपल्याला घड्याळ लावायची गरज नाही. पण आपल्या घरात कणगी नसली तरी गव्हाचे पिंप आहे, आणि त्याचा घेर किती, हे इंजिनियरला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

कोणती भिंत कपाटाची?

वही भरली की नकाशावरची एकेक भिंत तपासायला घ्या. आपल्याकडे हा प्रश्न पुण्या-सोलापुरापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपण घाटाच्या कुशीत राहतो. गगनबावड्याला पडणारा पाऊस शहरात पडत नाही हे खरे, पण जून ते सप्टेंबर हवेत ओल असते ती असतेच, आणि पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूची बाहेरची भिंत चार महिने पाणी खाते. तिला आतून कपाट चिकटवले की ओल कपाटाच्या पाठीतून आत शिरते, आणि श्रावणात पैठणी काढावी तर घडीवर पांढरी बुरशी.

तेव्हा कपड्यांचे आणि पुस्तकांचे कपाट शक्यतो आतल्या भिंतीला घ्या. दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यांत चांगली. मात्र आतली असली तरी न्हाणीघराच्या भिंतीपासून सावध! फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपते आणि ते पलीकडे कपाटातच उमटते. पश्चिमेची भिंत वापरण्याखेरीज इलाजच नसेल, तर कपाट आणि भिंत यांत दोन-तीन इंच मोकळे ठेवा आणि खाली-वर हवा जायला भोके ठेवा. नव्या भिंतीत बांधकामाचे पाणी बरेच दिवस मुरलेले असते. पैसे आणि धीर दोन्ही असतील, तर एक पावसाळा जाऊ द्या, कुठे ओल येते ते डोळ्यांनी बघा, आणि मगच लाकूडकाम करा.

याच वेळी नकाशावर आणखी तीन गोष्टी पेन्सिलीने काढून बघा. दार कोणत्या बाजूला उघडते? उघडलेल्या दारामागे कपाटाचे दार अडकते का? आणि विजेची बटणे कुठे येतात? लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडे जास्त खोल असते. गोदरेजने ही कपाटे १९२३ साली बनवायला घेतली, आणि तेव्हापासून कितीतरी मुलींच्या संसारात ती पाठवणीबरोबरच आली. नव्या घरात ते कपाट येणारच असेल, तर त्याच्या मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापा आणि नकाशावर ठेवून बघा. आम्ही हा तुकडा कापला असता, तर पंख्याचे बटण कपाटामागे गेले नसते.

खोल म्हणजे चांगले नव्हे

कपाट जितके खोल तितके बरे, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. खोल फळ्यावर वस्तूंच्या दोन रांगा होतात, आणि मागच्या रांगेतली वस्तू आपल्याकडे आहे हेच आपण विसरतो. मग दुकानातून दुसरी आणतो! प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची खोली द्या:

हँगरवर टांगायचे कपडे: दोन फूट. याहून कमी झाले तर दार लागताना बाह्या चेमटतात.

घडीचे कपडे आणि साड्या: सोळा ते अठरा इंच. दोन फळ्यांत बारा-चौदा इंचच अंतर ठेवा. साड्यांची चळत उंच झाली की खालची साडी ओढताना वरच्या सगळ्या कोसळतात.

अंथरुणे, वाकळा, सोलापुरी चादरी: दोन फूट खोल आणि दोन फळ्यांत किमान दीड फूट अंतर. सुनेला वाकळ चेपून कोंबावी लागली, तर ती परत बाहेर काढायला मुलगा लागतो!

पुस्तके, वह्या: दहा ते बारा इंच.

डबे, बरण्या: दहा-बारा इंच, म्हणजे एका ओळीत एक. उघडले की सगळे दिसते.

चपला-बूट: बारा-चौदा इंच, दाराजवळ, आणि दार जाळीचे. आपली कातडी चप्पल पावसाळ्यात बंद कपाटात ठेवली की बुरशी धरते. तिथेच ओल्या छत्र्यांना आणि रेनकोटांना खुंट्या आणि खाली पाणी निथळायला जागा करा.

स्वयंपाकघर: वर्षाची बेगमी

पुण्या-मुंबईच्या मासिकांत छापलेले स्वयंपाकघराचे आराखडे आपल्याला तसेच्या तसे चालत नाहीत. तिथे आठवड्याचा बाजार आणायची रीत. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत वर्षाची बेगमी होते. चैत्र-वैशाखात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणायची, डंकावर कुटून कांदा-लसणाची चटणी करायची, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची. पापड, सांडगे, कुरडया, शेवया यांचे डबे वेगळे. शाळू, गहू, गावाकडचा तांदूळ. शिवाय गूळ! आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपल्याच स्वयंपाकघरात त्याला अजून धड जागा मिळालेली नाही. ओल्या भिंतीशी ठेवलेला गूळ आषाढात पाझरू लागतो आणि मुंग्यांची वरात निघते.

म्हणून स्वयंपाकघराला लागून एक छोटी कोठी मागून घ्या. चार बाय पाच फूटसुद्धा पुरे. नाहीच जमले, तर जिन्याखालची जागा तरी. कोठीत खालचा फळा जमिनीपासून सहा इंच वर ठेवा, म्हणजे खालून झाडता येते आणि वाळवी लागली तर दिसते. धान्याच्या पिंपांना खाली मोकळी जागा ठेवा. ती उचलायची नसतात, तिरपी करून फिरवायची असतात. मधल्या, छातीच्या उंचीच्या फळ्यावर बरण्या, कारण भरलेली बरणी डोक्यावरून उतरवणे धोक्याचे. हवा खेळायला वर एक जाळीचा झरोका. आणि कोठीची भिंत गॅसच्या शेगडीच्या उष्णतेत येऊ देऊ नका.

सिलिंडरचेही असेच. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, आणि टाकी धरून वजन जवळजवळ तीस किलो. ओट्याखाली त्याची जागा आधीच मोजा. वर रेग्युलेटर लावायला आणि बंद करायला हात सहज पोहोचला पाहिजे. सिलिंडर नेहमी उभा ठेवायचा. दिसायला बरे म्हणून तो बंद कपाटात कोंडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली जमिनीलगत साठतो. दार लावायचेच असेल, तर खालच्या बाजूला हवेची मोठी भोके हवीतच.

पाहुणचाराची भांडी हा आपला आणखी एक प्रश्न. म्हाई, जत्रा, बारसे काही असले की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची मोठी पातेली निघतात. वर्षातून चारदा लागणारी ही भांडी आपण कुठे टाकतो? माळ्यावर! त्याबद्दल थोडे निराळे बोलले पाहिजे.

माळ्याची शिडी कोण चढते?

हल्ली प्रत्येक खोलीला माळा काढतात. जमिनीपासून सात फुटांवर, दोन फूट खोल. कागदावर तो फार गोड दिसतो, कारण फुकटची जागा मिळाल्यासारखी वाटते. पण पाच फूट उंचीच्या बाईचा हात टाचा न उचलता साधारण सहा फुटांपर्यंतच पोहोचतो. त्याच्या वर जे काही आहे, ते स्टुलावर चढूनच काढायचे.

आमच्या घरी तेच झाले. गौरी-गणपतीच्या आधी, मी बाहेर गेलेले असताना, सासूबाई स्टुलावर चढल्या. कशासाठी, तर माळ्यावरचे तांब्याचे पातेले घासायला काढायला. पातेले हातात आले, पण ते इतके जड की तोल गेला. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर हाताची ताकद पहिल्यासारखी आली नाही. भाकरी थापणे सुटले ते सुटलेच. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “कुणाला हाक मारायची? ज्याला त्याला कामं. म्हटलं, घेऊ आपलं आपणच.”

तेव्हापासून मी एक नियम केला आहे, आणि तो सगळ्यांना सांगते. वस्तू वर्षातून कितीदा लागते एवढेच पाहायचे नाही. ती उचलणारी बाई साठ वर्षांची झाल्यावर कशी उचलेल, हेही पाहायचे. जड ते खाली, हलके ते वर. रोजचे ते गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. माळ्यावर फक्त हलके सामान जाईल: रिकाम्या बॅगा, गौरीचे मखर, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा. पातेली, बंब, घंगाळ हे सगळे ओट्याखाली नाहीतर कोठीच्या खालच्या फळ्यावर. आणि माळा केलाच, तर भक्कम, रुंद पायऱ्यांची शिडी आणि ती ठेवायची जागासुद्धा नकाशातच मागा. स्टुलावर चढणे हा बायकांच्या कामाचा भाग आहे, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे?

नदीच्या अंगाला राहत असाल तर

‘जड ते खाली’ या नियमाला आपल्या गावात एक अपवाद आहे. तो आपल्याला पंचगंगेने शिकवला.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या पोरालाही पाठ असतात. २००५ मध्ये पूर आला, तेव्हा म्हातारी माणसे म्हणाली, असे पाणी पुन्हा यायचे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्या वर गेले. लगेच दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ फुटांपर्यंत.

माझी मावसबहीण नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहायची. २०१९ ला पाणी वाढतेय म्हटल्यावर तिने काय केले? आधी माणसे हलवली, मग टीव्ही, मिक्सर, गाद्या माळ्यावर चढवल्या. तासाभरात जेवढे करता येईल तेवढे केले. आठवड्याने पाणी उतरल्यावर परत आली, तर भिंतीवर चार फुटांवर मातीची रेघ. कपाटांची दारे फुगून चौकटीत घट्ट बसलेली. पहारीने फोडावी लागली. घराचे खरेदीपत्र, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याचे कागद, लग्नाचा अल्बम हे सगळे कुठे होते? सगळ्यांत खालच्या खणात. का? तर कुलूप फक्त त्याच खणाला होते!

कागदपत्रे नंतर हेलपाटे घालून, अर्ज करून मिळाली. पण त्याच खणात तिच्या आईचा एकुलता एक फोटो होता. माझी मावशी ती. तिचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. बहीण मला म्हणाली, “बाकी सगळं परत आलं गं. आई तेवढी परत आली नाही.”

तेव्हा मैत्रिणींनो, घर पुराच्या पट्ट्यात येत असेल, तर शेजाऱ्यांना विचारून पाण्याची जुनी रेघ शोधा. तिच्या वर किमान एक फूट, पक्क्या भिंतीत, कागदपत्रांचा कुलपाचा खण काढून घ्या. वरचा मजला असेल तर तिथेच. कागद जाड प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घाला, म्हणजे वेळ आली तर एकच पिशवी उचलून निघता येते. गुणपत्रिका, परवाने यांतले बरेच काही आता सरकारच्या डिजिलॉकरवर ठेवता येते. जुन्या फोटोंचे मोबाइलवर फोटो काढून ते दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा. आजच करा, पावसाळ्याची वाट बघू नका.

रेघेच्या खालच्या भागात लाकूड जेवढे कमी तेवढे बरे. भुशाच्या दाबीव फळ्या पाणी लागले की पावासारख्या फुगतात आणि परत बसत नाहीत. तिथे कडप्पा, स्टील, नाहीतर सिमेंटचे फळे. प्लायवूड घ्यायचेच, तर ओट्याखाली आणि ओलीच्या जागी ‘आय. एस. ७१०’ छाप असलेले मरीन प्लाय मागा. ‘आय. एस. ३०३’चे साधे प्लाय कोरड्या खोलीत चालते. ही अक्षरे फळीवरच छापलेली असतात. आपण वाचली की दुकानदारही नीट बोलतो!

एक खण तुमचा

शेवटची गोष्ट जरा संकोचाने लिहिते. नकाशात सगळ्यांच्या जागा झाल्यावर स्वतःला विचारा, यात माझे काय? मुलांना अभ्यासाचे टेबल मिळाले, ‘यांना’ फायलींचे कपाट मिळाले, देवांना देवघर मिळाले. मग आपली पत्रे, भिशीची वही, माहेरून आलेली एखादी पुरचुंडी, अर्धवट विणकाम, हे कुठे? बहुतेक घरांत ते साड्यांच्या घडीत असते.

महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. म्हणून हल्ली पुष्कळ घरे आपल्या नावावर होऊ लागली आहेत. चांगलेच आहे. पण घर जिच्या नावावर, तिला त्या घरात कुलूप-किल्लीचा एक खण नसावा, हे काही बरोबर दिसत नाही. फार नको; दीड फूट रुंद, सहा इंच उंच. नकाशावर त्याला नाव द्यायची गरज नाही. वहीत मात्र लिहून ठेवा.

इंजिनियरला नकाशा परत देण्याआधी

पुढचे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या आणि प्रत्येकाचे उत्तर नकाशावर पेन्सिलीने दाखवून मागा:

१. प्रत्येक खोलीत कपाटाची भिंत कोणती? ती पावसाच्या झडीची किंवा न्हाणीघराची तर नाही?

२. कपाट धरून खोलीत चालायला किती जागा उरते?

३. दारे, खिडक्या, विजेची बटणे आणि कपाटे एकमेकांच्या आड येतात का?

४. जुन्या घरातली कोणती कपाटे येणार? ती जिन्यातून आणि दारातून आत जातील का?

५. वर्षाचे धान्य, चटणी, गूळ आणि मोठी भांडी कुठे?

६. भरलेला सिलिंडर कुठे, आणि एक शिलकीचा असेल तर तो कुठे?

७. अंथरुणे, केरसुणी-बादली, शिडी, इस्त्री, चपला-छत्र्या यांच्या जागा कोणत्या?

८. कागदपत्रे कुठे, आणि किती उंचीवर?

९. पायाच्या वेळीच वाळवीचे औषध मारणार आहेत का?

१०. आज फक्त फळे बसवून दारे कुठे नंतर लावता येतील?

“बाईंना काय कळतं नकाशातलं?” असे कोणी म्हणाले, तर वही पुढे करा. चौरस फूट त्यांना कळत असतील. पण गव्हाचे पिंप केवढे आणि ते कोण ढकलते, हे आपल्याला कळते. आणि खरे सांगू? मोजून-मापून मागितले की शहाणा इंजिनियर कधी नाही म्हणत नाही. उलट त्याचेच काम सोपे होते.

गेल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघर दुरुस्तीला काढले. या वेळी नकाशा टेबलावर उलगडल्यावर वाट्या सासूबाईंनीच ठेवल्या, आणि पहिला प्रश्नही त्यांचाच होता. जिन्याखाली चार फुटांची कोठी निघाली. तिच्यात मधल्या फळ्यावर, त्यांच्या दुखऱ्या हातालाही उचलता येईल अशा उंचीवर, चटणीच्या बरणीची जागा मापून घेतली आहे. यंदाची चटणी डंकावरून आली, तेव्हा “ही ठेवू कुठं?” असे त्यांनी मला विचारले नाही.